गल्ल्यावर दिराला बसवू का?

पत्र

ताई, नमस्कार.

देवगड बंदराजवळ आमचं नौकांच्या इंजिनाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं. ते गेले आणि नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने बाहेर, म्हणून मी गल्ल्यावर बसायला लागले. त्याला नऊ वर्षं झाली. दुकानामागे इंजिनदुरुस्तीचं वर्कशॉप मी सुरू केलं, मग बर्फाचा क्रशर घेतला. लाद्या आणतो, फोडून नौकांना देतो. धंदा वाढला, पण माणूस आत आला की अजूनही पहिला प्रश्न, "वैनी, शेट खय आसत?" दर मला विचारतात आणि घासाघीस व्हॉट्सअ‍ॅपवर नवऱ्याशी करतात. तो तिकडून म्हणतो, "दे गं, आपलाच माणूस आहे." उधारी साडेसहा लाखांवर गेलीय, आणि दुकानाचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून घेतलेली उचल, ११ टक्क्यांनी चालतंय. मागायला जावं तर, "परतावो इलो काय देतंय," नाहीतर, "पैसे खय पळान जातत?" मेस्त्री सासऱ्यांच्या वेळचे. हाताला गुण आहे, पण गिऱ्हाइकाशी परस्पर ठरवतात आणि मला आकडा शेवटी कळतो.

आता दीर म्हणतात, "बायलमाणसाचा काम न्हय ह्या. गल्ल्यावर मी बसतंय, तू घरसून हिशेब बघ." सासूबाईंनाही ते पटलंय. गाळा अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. दुकान, जीएसटी, बँकेचं खातं सगळं नवऱ्याच्या नावावर. जवळचा एक बर्फ कारखाना चालवायला मिळतोय, तो घ्यावा असं मला फार वाटतं. पुरुषमाणूस समोर बसला तर लोक पैसे देतील का? की मीच हट्टाला पेटलेय? आणि दुकानावर माझ्या नावाची पाटी लावली तर ते फार दिसेल का?

– देवगडची एक दुकानदारीण


उत्तर

सोप्या प्रश्नापासून सुरुवात करते. पुरुषमाणूस गल्ल्यावर बसवला तर लोक पैसे देतील का? नाही देणार. देवगडापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बंदरावर जा, पुरुष मालकांच्या उधारीच्या वह्याही अशाच फुगलेल्या दिसतील. नौकेच्या धंद्यात पैसा येतो तो लिलाव झाल्यावर. त्यातून आधी आगाऊ रक्कम देऊन बसलेला दलाल आपलं वळतं करून घेतो, मग डिझेल, मग खलाशांचे पैसे, मग घर, आणि त्यातून काही उरलंच तर नोझल आणि गॅस्केट विकणारा दुकानदार. रांगेत तुम्ही शेवटी आहात त्या धंद्याच्या रीतीमुळे, साडी नेसता म्हणून नव्हे. उलट दिरांना बसवलंत तर उधारी वाढेल असा माझा अंदाज आहे. ज्यांच्याबरोबर संध्याकाळी जेटीवर बसायचं, ज्यांच्यासोबत जत्रेची वर्गणी गोळा करत फिरायचं, त्यांनाच दुपारी "आधी मागचं दे" म्हणायला भलेभले कचरतात. तुमची तशी बैठक नाही. धंद्यात ही तुमची जमेची बाजू आहे.

बाईपणाचा अजिबात संबंध नाही असंही मी म्हणणार नाही. एका ठिकाणी तो आहे, आणि तिथे तो महागात पडलाय. तुमचा नकार शेवटचा नसतो. तुम्ही "नाही" म्हणालात की गिऱ्हाईक बाहेर जाऊन मोबाइल काढतं आणि वरच्या कोर्टात अपील करतं. ते कोर्ट बसलंय कुठेतरी भर समुद्रात, गावच्या आठवणीने हळवं झालेलं. ते कसलं अपील फेटाळतंय!

म्हणून गिऱ्हाइकांच्या आधी नवऱ्याशी बोला. फोनवर नको. सुट्टीवर आले, पाहुणेरावळे ओसरले, की एका सकाळी वही समोर ठेवून बसा. साडेसहा लाखांवर ११ टक्क्यांनी वर्षाला ७१,५०० रुपये व्याज होतं, महिन्याला जवळपास ६,०००. म्हणजे 'आपला माणूस' म्हणून सोडलेल्या पैशावर तुमचं दुकान दरमहा सहा हजार रुपये बँकेला भरतंय. एवढं आकड्यात दाखवलंत तर भांडायची वेळ येऊ नये. त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घ्या, की मेसेज कुणाचाही येवो, अगदी मामेभावाचा का असेना, उत्तर एकच: "दुकानाचं तीच ठरवते, तिच्याशी बोल." त्यापुढे एक अक्षर नाही, हसरं तोंडसुद्धा नाही. कुठल्या नौकेला किती रकमेपर्यंत उधार द्यायचं ते मात्र दोघांनी मिळून ठरवा आणि कागदावर लिहा. तोही मालक आहे, त्याला डावलायचं नाहीये. त्याच्या हळवेपणाचा बाजार थांबवायचाय.

आता उधारीकडे वळू. पत्राच्या निम्म्या भागात तिचीच कथा आहे.

तुम्ही मागायला कधी जाता? जूनमध्ये जात असाल, असा मला संशय आहे. १ जूनला पावसाळी बंदी लागते, नौका वर ओढून शाकारतात, दुकानात शांतता होते आणि मग तुम्हाला वही उघडायला सवड मिळते. पण त्या वेळी समोरच्याकडेही दमडी नसते. आणि हंगाम उघडतो तेव्हा तर तो जाळी, रंग, डिझेल, राशन आणि खलाशांची उचल यात गळ्यापर्यंत बुडालेला असतो. पैसा मागायचा तो ज्या दिवशी मासळी लागते त्या आठवड्यात, सप्टेंबरपासून पुढे, आणि पुन्हा एकदा मेच्या मध्यापर्यंत. कुणाच्या नौकेला काय मिळालं हे बंदरावर तासाभरात सगळ्यांना कळतं. तुम्हालाही कळत असणार. त्याच संध्याकाळी फोन जायला हवा, आणि तोही सगळ्या बाकीसाठी नको, ठरलेल्या एका रकमेसाठी. "ह्या लिलावातले पाच हजार" याला माणूस हो म्हणतो. "कधी देतोस सगळे?" याला उत्तर एकच: बघूया.

काही मालक स्वतःच सुचवतील की आमच्या दलालाकडून वळते करून घ्या. तसं लेखी देत असतील तर घ्या. पण दलालाशी तुमचा स्वतंत्र व्यवहार नको. एकदा का तो तुमचा वसूलदार झाला, की पुढच्या हंगामात दरही तोच सांगायला लागेल.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, नौका वर घ्यायची गडबड सुरू व्हायच्या आत, प्रत्येक खात्याचं एक पान तयार करा. वर नौकेचं नाव आणि नोंदणी क्रमांक. खाली मालकाचं नाव, मागची बाकी, यंदाची खरेदी, जमा, आणि शेवटी '३१ मे रोजीची बाकी मला मान्य आहे' एवढी ओळ, तारीख, सही. तांडेलाची, म्हणजे नौका हाकणाऱ्याची, सही नको, मालकाची. नौका बायकोच्या नावावर असेल तर बायकोची, आणि देवगडात अशा नौका असतीलच. ही सही का हवी? विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत ३ वर्षांची असते. ती संपायच्या आत देणेकऱ्याने बाकी लेखी मान्य केली, तर सहीच्या तारखेपासून नवी ३ वर्षं मिळतात. तुमच्या वहीत २०२० सालच्या नोंदी असतील आणि त्यावर पुढे एकही सही किंवा जमा नसेल, तर ते पैसे आता फक्त भिडेवर येणार, कायद्यावर नाही. अशी खाती वेगळ्या पानावर काढा आणि चालू धंद्याच्या हिशेबात धरू नका. मन कठीण करावं लागेल, पण त्याशिवाय खरी उधारी किती हेच कळणार नाही.

"परतावो इलो काय देतंय" ही नुसती थाप नाही, हे मात्र लक्षात ठेवा. मच्छीमार संस्थांमार्फत घेतलेल्या डिझेलवरच्या कराचा परतावा सरकारकडून रखडतो, ही सबंध किनारपट्टीची तक्रार आहे. नाखवा, म्हणजे नौकेचा मालक, खरंच अडलेला असू शकतो. त्याला खोटं पाडायला जाऊ नका. "बरं, परतावा आला की दे, तोवर इथे सही कर," एवढंच. खरा अडलेला माणूस सही करतो. सहीला आढेवेढे घेईल त्याचा परतावा कालच जमा झाला असावा असं समजायला हरकत नाही.

बर्फ मात्र रोख. याला अपवाद नाही, मामेभावालासुद्धा नाही. बर्फाशिवाय नौका बंदरातून हलत नाही, त्यामुळे नौका सुटायच्या आधीचा तो तासभर तुमचा असतो. सुटे भाग उधार दिले तर निदान ते इंजिनात बसलेले दिसतात. बर्फ उधार दिला तर आठवड्याने दाखवायला पाणीही उरत नाही. यूपीआयचा क्यूआर क्रशरला चिकटवा, खलाशाच्या हातून मालकाला फोन लावा, पैसे आले की बर्फ सोडा. पहिल्या पंधरवड्यात दोनचार नौका रागाने दुसरीकडे जातील. त्यातल्या ज्यांना दुसरीकडेही रोखच द्यावे लागतील त्या परत येतील, बाकीच्यांना जाऊ द्या. मोठ्या दुरुस्तीला निम्मे पैसे आधी, आणि पुढच्या तारखेचा धनादेश घेता आला तर उत्तम. तो न वटल्यास बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, तेव्हा धनादेश ड्रॉवरात विसरून चालत नाही.

कायद्याची एक छडी हाताशी असू द्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात अशी तरतूद आहे की नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायलाच हवेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन आणि फुकट होते, कुणी दोन हजार मागितले तर देऊ नका. मात्र ही तरतूद तुमच्या दुरुस्तीच्या बिलांना उपयोगी पडेल, नुसत्या सुट्या भागांच्या विक्रीला नाही. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते ती बँकेच्या कर्जापुरती. गावातल्या माणसावर हा कायदा उगारायची वेळ सहसा येऊ नये. पण बिलाच्या तळाशी '४५ दिवसांत देय' छापलेलं असलं, की मागताना आवाज चढवावा लागत नाही.

"शेट खय आसत?" या प्रश्नाचा मनस्ताप मला कळतो, पण त्यावर शक्ती घालवू नका. "जहाजावर. काय पाहिजे?" आणि लगेच पुढचा प्रश्न कामाचा: कुठलं इंजिन, किती सिलेंडरचं, जुना भाग आणलायत का? दराचा आकडा सांगून झाला की गप्प राहा. आपण बायका दर सांगितल्यावर त्याची कारणं द्यायला लागतो, कंपनीने वाढवले, गाडीभाडं वाढलं, आणि तिथेच समोरच्याला घासाघिशीला जागा मिळते. हो, आणि चहा. मोठं गिऱ्हाईक आलं की तुम्ही उठून आत चहा टाकायला जाता का? पत्रात तसं काही नाही, पण मी अशा बऱ्याच बायकांना ओळखते. तुम्ही आत गेलात की मेस्त्री आणि गिऱ्हाईक यांचं बोलणं होतं आणि दर तिथेच ठरतो. टपरीवाल्याला सांगून ठेवा, खूण केली की दोन कटिंग. तुम्ही खुर्ची सोडायची नाही.

मेस्त्रींना दुखवू नका आणि मोकळंही सोडू नका. सासऱ्यांच्या हाताखाली काढलेली वर्षं त्यांच्या गाठीशी आहेत. त्यांच्या लेखी तुम्ही अजून त्या घरातली सून आहात, त्यांना हुकूम सोडून काही साधणार नाही. रीत बदला. नौकेचं काम आलं की आधी एक कार्ड भरायचं: नौका, इंजिन, तक्रार, अंदाजे खर्च, अंदाज दिल्याची तारीख. त्यावर गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय पाना लागायचा नाही. दुसरं, काढलेला प्रत्येक भाग टेबलावर यायला हवा. झिजलेली पिस्टन रिंग, तडकलेलं हेड, चोंदलेलं नोझल, सगळं पुसून, कार्डासोबत, आणि नाखव्याच्या हातात द्यायचं. यात दोन गोष्टी होतात. गिऱ्हाइकाला बिल पटतं, आणि सहा महिने ते टेबल बघत राहिलात की कुठला भाग कशाने जातो हे तुम्हाला कळायला लागतं. खारं पाणी शिरलेल्या इंजिनाचा गंज आणि तेल वेळेवर न बदललेल्या इंजिनाची झीज वेगळी दिसते. इंजिनाखाली सरपटायची गरज नाही. अंदाजाचा आकडा चुकीचा वाटला तर "रिंग्ज परवाच घातल्या होत्या ना ह्या नौकेला?" एवढं विचारता आलं पाहिजे. मग परस्पर ठरवणं आपोआप कमी होतं.

मेस्त्रींना मजुरीवर टक्केवारी द्या, पण कार्डावरच्या मजुरीवर, म्हणजे कार्डाबाहेरचं काम त्यांनाच तोट्याचं होईल. आणि आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालेला एखादा मुलगा त्यांच्या हाताखाली घ्या. मुलगी मिळाली तर मला कळवा, फार आनंद होईल. मिळाली नाही म्हणून अडून राहू नका.

आता कागद. तुमच्या पत्रात हा विषय दोन ओळींत उरकलाय, पण मी वाचताना तिथेच थांबले.

बँकेत कर्जाच्या टेबलावर असताना कणकवलीकडची एक बाई माझ्याकडे यायची. चिऱ्याची खाण चालवायची. जांभ्याचा थर कुठे संपतो आणि माती कुठे लागते हे पायाने ओळखायची, ट्रकवाल्यांचे हिशेब तोंडपाठ. सगळं नवऱ्याच्या नावावर होतं, तिच्याकडे होतं कुलमुखत्यारपत्र. नवरा गेला त्या दिवशी ते पत्र रद्दी झालं, कारण देणारा गेला की मुखत्यारी संपते. खातं गोठलं, आणि चिरे कापायचं मशीन दुरुस्त करायला कर्ज मागायला आली तेव्हा आमच्या संगणकात तिच्या नावाने काहीच नव्हतं. ना खात्यातली उलाढाल, ना विवरणपत्र, ना फेडलेलं एखादं छोटं कर्ज. इतकी वर्षं धंदा चालवून कागदोपत्री ती गृहिणी होती. तिला नाही म्हणताना माझ्या हातात नियमांपलीकडे काही नव्हतं.

तुमच्या नऊ वर्षांचंही बँकेच्या लेखी आज तेच आहे. नवरा जहाजावर, सुखरूप असो, पण हा विचार तुम्ही दोघांनी करायलाच हवा. तौक्तेसारख्या वादळानंतरचा पंचनामा असो की विम्याचा दावा, आधी कागदावरचं नाव वाचतात.

म्हणून असं करा. जुनं दुकान आहे तसं राहू द्या, कारण उधारी त्या दुकानाची येणी आहे आणि ती वसूल होईपर्यंत नाव हलवलं की लोकांना नवी सबब मिळेल. वर्कशॉप आणि बर्फ मात्र तुमच्या एकटीच्या मालकीचा वेगळा धंदा करा: तुमचा पॅन, तुमचं चालू खातं, तुमची उद्यम नोंदणी, तुमचं विवरणपत्र. दुरुस्ती ही सेवा असल्यामुळे तुमच्या नव्या धंद्याला जीएसटी लागेल तो वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की. नुसता माल विकणाऱ्यांची ४० लाखांची मर्यादा तुम्हाला धरता येणार नाही, हे सीएला विचारून घ्या. एखादा हितचिंतक नवराबायकोची भागीदारी करा म्हणेल. केलीत तर ती रजिस्ट्रारकडे नोंदवा. नोंद नसलेल्या भागीदारीला उधारीसाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, आणि तुमचा तर सगळा जीव उधारीत अडकलाय.

दिरांबद्दल. रागावू नका, पण मला त्यांच्या म्हणण्यात बायलमाणसापेक्षा गाळा जास्त ऐकू येतो. गाळा सासऱ्यांच्या नावावर. ते मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्यावर सासूबाई, तुमचा नवरा, दीर आणि नणंदा असतील तर त्या, सगळ्यांचा सारखा हक्क आहे. तुमचा, सून म्हणून, काहीच नाही. म्हणजे आपल्याही मालकीच्या जागेत वहिनी धंदा वाढवतेय आणि आपल्याला त्यातून काय, हा प्रश्न त्यांच्या मनात असू शकतो. आणि तो गैर नाही. सरळ विचारायला जीभ रेटत नाही म्हणून "बायलमाणसाचा काम न्हय" येतं. हे वाक्य बंदरावर म्हणणाऱ्याने मासळी बाजारात एक चक्कर मारावी. मासळी उतरल्यावर तिचा दर आणि पैसा कोकणात पिढ्यान्‌पिढ्या बायकाच सांभाळत आल्यात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका पर्यटकांना बसवून स्वतः होड्या वल्हवतात. पण हा वाद दिरांशी घालू नका. जिंकलात तरी हाती काही लागणार नाही.

त्याऐवजी भाडं द्यायला सुरुवात करा. बाजारभावाने गाळ्याचं भाडं ठरवा, सगळ्या वारसांशी करार करा, तो नोंदवा, आणि प्रत्येकाचा वाटा दर महिन्याला त्याच्या खात्यात जाऊ द्या. सासूबाईंच्या खात्यातसुद्धा. त्यांच्या वयाच्या किती बायकांच्या नावाने महिन्याला काही जमा होतं? त्यांचं मत कुणाकडे झुकेल हे मी आत्ता सांगत नाही, पण चार महिन्यांनी बघा. दिरांना धंद्यात खरंच काम करायचं असेल तर तेही द्या. कुडाळ-कणकवलीहून माल आणणं, थकलेल्या नाखव्यांकडे खेप घालणं, अशी कामं आहेत, त्यांना पगार आहे. उधार द्यायचं की नाही आणि सही कुणाची, या दोन गोष्टी मात्र कुणाच्याही हातात द्यायच्या नाहीत. गल्ल्यावर दुपारी तासभर ते बसले म्हणून काही बिघडत नाही. जेवायला तुम्हालाही जावंच लागतं.

राहिला बर्फ कारखाना. तो दुसऱ्याने घेतला तर तुमच्या क्रशरची नाडी त्याच्या हातात जाईल, ही भीती खरी आहे आणि म्हणूनच मी सरसकट नको म्हणत नाही. पण आधी तीन गोष्टी बघा. वीजजोडणी कुणाच्या नावावर आणि मागची थकबाकी किती, कारण ती नव्या चालवणाऱ्याच्या गळ्यात येऊ शकते. अमोनियाचा कॉम्प्रेसर आणि पाइपलाइन शेवटची कधी तपासली, आणि तो चालवणारा जाणता ऑपरेटर तुमच्याकडे राहणार का? अमोनिया गळला तर ती वर्कशॉपमधली चूक नसते, जीव जातात. आणि लादी ज्यात गोठते ते साचे: सडके असतील तर भोवतीचं मिठाचं पाणी आत झिरपतं, लादी गढूळ आणि ठिसूळ होते आणि पहिल्याच फेरीत नाव जातं. यातलं साच्यांचं मेस्त्री बघतील. त्यांना घेऊन जा, मान दिल्यासारखंही होईल.

भाडं जूनपासून सुरू करू नका. जून-जुलैत एक लादी खपणार नाही आणि विजेचा स्थिर आकार तरी भरावाच लागेल. मालकाने बंदीच्या काळात स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करून द्यायची आणि भाडं ऑगस्टपासून लागायचं, हे मान्य असेल तर घ्या, तुमच्या नावावर, तुमच्या सहीने. मान्य नसेल तर सोडा. आणि ३५ टक्के अनुदान मिळवून देतो म्हणणारा एजंट येईल, त्याला चहा पाजून वाटेला लावा. पंतप्रधान रोजगारनिर्मिती योजनेत ग्रामीण भागातल्या महिलांना तेवढं अनुदान आहे हे खरं, पण ते नव्या उद्योगाला मिळतं, चालू कारखाना भाड्याने घेतल्याला नाही. खेळत्या भांडवलापुरतं मुद्रा कर्ज विनातारण १० लाखांपर्यंत मागता येतं. बँक नवऱ्याला जामीन राहा म्हणेल. राहू द्या, त्यात कमीपणा नाही. अर्जदार तुम्ही असलात म्हणजे झालं.

मीच हट्टाला पेटलेय का, असं तुम्ही विचारलंय. असाल तर असू दे. नऊ वर्षं बर्फ आणि डिझेलच्या वासात बसून तेवढा हक्क मिळतो.

पाटी जरूर लावा. फार दिसेल का म्हणता, तर दुकानाची पाटी मराठीत हवी आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, असा २०२२ पासून राज्यातल्या लहानमोठ्या सगळ्याच दुकानांना नियम आहे. रंगाऱ्याला मात्र आत्ताच बोलवू नका. तुमच्या नावाने जीएसटी घ्यावा लागला तर तो क्रमांकही पाटीवर लिहावा लागतो, आणि रंगारी दुसऱ्यांदा आला की पुन्हा पैसे घेतो.